झटपट चाचणीतला उत्प्रेरक

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत मी घन उत्प्रेरकांच्या चाचण्या करतो. एका नमुन्याला आम्हाला दोन दिवस लागतात. इतरत्र मात्र डझनावारी नमुने एकदम तपासतात, असे ऐकतो. अशा आकड्यांवर विसंबावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नमुने चाळण्यापुरते विसंबावे, पसंत करण्यापुरते नाही. तुमच्याकडे द्राक्षतोडणीआधी मण्याच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून साखर पाहतात. ती मिनिटात कळते, पण औषधांचा अंश तपासायला घड प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. इथेही तसेच आहे.

पुष्कळ नमुने चाळण्याची रीत जुनी आहे. अमोनिया बनवण्याचा उत्प्रेरक शोधताना जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्विन मिटाश यांनी १९१२ पर्यंत सुमारे २,५०० पदार्थांवर ६,५०० चाचण्या केल्या. त्यांत शुद्ध लोखंडापेक्षा स्वीडनमधील एक खनिज सरस ठरले, ते त्यातल्या भेसळीमुळे, आणि अशी भेसळ कागदावर बसून सुचत नाही. पुढे १९९६ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) गोळ्यांवर १६ निरनिराळे धातू चढवून, त्यांवरून हायड्रोजन व ऑक्सिजन सोडून, कोणती गोळी तापते, म्हणजे कोणत्या गोळीवर अभिक्रिया चालते, हे उष्णता टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याने एकाच वेळी पाहिले गेले.

यात पहिली अडचण अशी की, एकाच तापमानाला काळी गोळी आणि पांढरी गोळी कॅमेऱ्याला सारखी दिसत नाही, म्हणून अभिक्रिया सुरू करण्याआधीचे चित्र घेऊन फरक जुळवून घ्यावा लागतो. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. चांदीच्या उत्प्रेरकावर एथिलीनपासून हवे ते एथिलीन ऑक्साइड बनताना जेवढी उष्णता निघते, तिच्या दसपटीहून अधिक ते एथिलीन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होताना निघते. म्हणजे कॅमेऱ्यात सर्वांत झळाळणारी गोळी नेमकी माल जाळणारी असू शकते.

म्हणून पुढचा टप्पा समांतर नळ्यांचा : प्रत्येक नळीत एकाच चाळणीतून काढलेले कण, तोच वायुप्रवाह, तेच तापमान, आणि वाल्व फिरवत एकेका नळीतला वायू गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. इथे निवडक्षमता, म्हणजे हवा तोच पदार्थ कितपत बनतो, हे कळते. टिकाऊपणा मात्र इथेही कळत नाही. त्यासाठी निवडक दोन-तीन नमुने शेकडो तास चालवावेच लागतात, तिथे तुमचे दोन दिवसही थोडेच.

असा संच उभारलात, तर एका नळीत रोजचा उत्प्रेरक, एकीत उत्प्रेरकाविना नुसती क्वार्ट्झची भरड आणि दोन नळ्यांत एकच नमुना भरावा. त्या दोन नळ्यांचे आकडे जुळले नाहीत, तर आधी गळती शोधावी.