आधी हँडसेट ठरवा, ऑपरेटिंग सिस्टिम नंतर

आपला प्रश्न असा आहे की, बँकेचे आणि यूपीआयचे सारे व्यवहार ज्या एकाच जुन्या शाओमी फोनवर चालतात, त्यावर गुगलच्या सेवा नसलेली कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी. माझे स्पष्ट मत आहे की त्या फोनवर कोणतीच टाकू नये.

लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टिम २०१६ च्या अखेरीस तिची पूर्वसुरी सायनोजेनमॉड बंद पडल्यावर उभी राहिली आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी फोन तिच्यामुळे आजही वापरात आहेत. ते काम मला मोलाचे वाटते. मात्र बहुतेक फोनवर ती टाकल्यानंतर, त्यासाठी उघडलेला बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) पुन्हा लॉक करता येत नाही, त्यामुळे फोन सुरू होताना सिस्टिममध्ये फेरफार झाला आहे का, याची पडताळणी होत नाही. शिवाय मोडेमसारख्या भागांचे फर्मवेअर (त्या भागांतच चालणारे सॉफ्टवेअर) मूळ कंपनीकडूनच यावे लागते आणि जुन्या फोनसाठी ते थांबलेले असते. गुगलच्या सेवा वगळून बनवलेल्या ई-ओएस या सिस्टिमचा पाया लिनिएजओएसचाच असल्याने अशा फोनवर तिलाही हीच मर्यादा पडते.

म्हणून मी वेगळ्या फोनवर ग्राफीनओएस ही सुरक्षिततेवर भर देणारी, अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टिम सुचवतो. ती सध्या गुगलच्याच पिक्सेल फोनवर चालते, हे अनेकांना खटकते. पण दुसऱ्याची सिस्टिम टाकून बूटलोडर पुन्हा लॉक करण्याची सोय पिक्सेलमध्ये नीट आहे आणि पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनना बाजारात आल्यापासून ७ वर्षे अपडेट मिळतात. ग्राफीनओएसमध्ये प्ले सर्व्हिसेस (अनेक अ‍ॅपना लागणाऱ्या गुगलच्या सेवा) हव्या असल्यास त्या विशेष अधिकारांविना, साध्या अ‍ॅपसारख्या चालतात, आणि कोणत्याही अ‍ॅपचे इंटरनेट बंद करता येते. माझ्या दृष्टीने ही दुसरी सोय सर्वांत उपयोगाची आहे, कारण कीबोर्डला किंवा गॅलरीला इंटरनेट लागण्याचे काही कारणच नाही.

खरी अडचण बँकेची आहे. काही बँकांची अ‍ॅप प्ले इंटिग्रिटीची, म्हणजे फोन व सिस्टिम विश्वासार्ह आहे का हे पाहणारी गुगलची, तपासणी करतात आणि गुगलने प्रमाणित न केलेल्या सिस्टिमवर चालत नाहीत. आपल्या बँकेचे अ‍ॅप चालते का, हे तीच सिस्टिम वापरणाऱ्या व त्याच बँकेच्या खातेदाराला आधी विचारावे. चालत नसल्यास जुना फोन मूळ सिस्टिमसह केवळ व्यवहारांपुरता ठेवावा.

नाशिकमध्ये एम. जी. रोडवर वापरलेला पिक्सेल घेणार असाल, तर दुकानातच इंटरनेट जोडून सेटिंग्जच्या डेव्हलपर ऑप्शन्समधील ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडू देणारे बटण) सुरू होते का ते पाहावे. परदेशी मोबाइल कंपन्यांमार्फत विकल्या गेलेल्या काही फोनमध्ये ते कायमचे बंद असते. असा फोन कितीही स्वस्त मिळत असला तरी या कामासाठी घेऊ नये.