दादरला राहतो. मुलं आणि आजीला घेऊन ट्रेनने एका दिवसात कुठे जाऊन येता येईल?

डोळे झाकून माथेरान. सकाळी लवकरची कर्जत किंवा खोपोली लोकल धरा आणि नेरळला उतरा. घाईत बदलापूर लोकलमध्ये चढू नका, ती अलीकडेच संपते.

नेरळहून मिनी ट्रेन आहे, १९०७ सालची. पण २१ किलोमीटरचा घाट चढायला ती दोन तासांहून जास्त घेते, शिवाय पावसाळ्यात बंद. एका दिवसात ते परवडत नाही. शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा. पुढे मोटारींना बंदी. तिथून जवळच अमन लॉज स्टेशन, तिथली शटल थेट माथेरानच्या बाजारात सोडते. पोरांची झुकझुक गाडीची हौसही भागते आणि आजींचे गुडघेही वाचतात. शटलच्या वेळा तेवढ्या आधी बघून ठेवा.

पांढरे बूट नकोत, लाल मातीने विटकरी होतात. खाऊ पिशवीतच ठेवा. आमच्या धाकट्याचा वेफर्सचा पुडा माकडाने हातातून ओढला आणि समोरच्या झाडावर बसून निवांत संपवला!

रविवारी जात असाल तर चारलाच खाली उतरायला लागा. परतीची लोकल कर्जतहूनच भरून येते, आजींना बसायला जागा मिळणं कठीण.