सतत जीपीएस लावून गाडी चालवल्याने रस्ते लक्षात ठेवायची क्षमता कमी होते का?

हो, कमी होऊ शकते. पण ‘जीपीएसमुळे मेंदू आक्रसतो’ असे जे मेसेज फिरतात, त्यांना आधार नाही. रस्ता शोधताना मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग चौक, वळणं, खुणा यांची सांगड घालून मनात नकाशा तयार करतो. ‘२०० मीटरवर डावीकडे वळा’ असं कानावर पडलं की ही जुळवाजुळव करावीच लागत नाही. आपण हुकूम पाळतो आणि लक्ष रस्त्याऐवजी त्या निळ्या ठिपक्यावर. (म्हणूनच चारदा गेलेला रस्ताही पाचव्यांदा नवाच वाटतो!) लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात; २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. याच्या उलट, कॅनडातल्या संशोधकांच्या २०२० च्या अभ्यासात, ज्यांचा जीपीएसचा वापर जास्त, त्यांची रस्त्यांची स्मरणशक्ती तीन वर्षांत अधिक घसरलेली दिसली. मात्र तीन वर्षांनी पुन्हा तपासलेली माणसं फक्त १३ होती, तेव्हा त्यावरून फार ठाम निष्कर्ष काढू नका.

जीपीएस सोडायची गरज नाही. अनोळखी ठिकाणी किंवा वाहतूक कोंडीत तो हवाच. एवढं करून पाहा:

- निघण्याआधी पूर्ण मार्ग एकदा डोळ्यांखालून घाला.
- नकाशा गाडीबरोबर फिरू देऊ नका, उत्तर दिशा वर राहील असा ठेवा.
- परतताना आवाज बंद. चुकलात तर फोन आहेच.