कात्री, बाहुली आणि फ्रेंच : कलेतून भाषा शिकवून पोट भरेल का?

प्रश्न : मी नाशिकला राहते. फ्रेंच घेऊन बी.ए. केलं, डेल्फ या फ्रेंच परीक्षेची बी2 पातळी उत्तीर्ण आहे. कॉलेजमध्ये एकांकिकांत कामं केली, नेपथ्यही केलं. इथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने पाचवी-सहावीसाठी दिवाळीनंतर ‘कलेतून फ्रेंच’ असा 10 आठवड्यांचा उपक्रम घ्याल का, असं विचारलंय. आठवड्याला 40 मिनिटांचा एक तास, मुलं 24. कसा आखू? यात करिअर आहे, की आधी बी.एड. करू? आई म्हणते, जर्मन शिक, पुण्यात नोकरी लगेच मिळेल.

उत्तर : करिअर आहे, पण निव्वळ अशा उपक्रमांवर घर चालणार नाही. मुख्याध्यापक बदलले की असे तास वेळापत्रकातून सगळ्यात आधी उडतात. तुमचं नियमित उत्पन्न फ्रेंच शिकवण्यातून येईल. दहा अर्जदारांमधून तुम्हालाच बोलवावं असं शाळेला वाटण्याचं कारण मात्र तुमची नाटकाची बाजू असेल. म्हणून हे काम घ्याच, आणि पात्रतेचं कामही लगेच सुरू करा.

आधी हिशेब. 40 मिनिटं गुणिले 10 म्हणजे 400 मिनिटं, सात तासही नाहीत. एवढ्यात ए1, म्हणजे अगदी पहिली पातळीही होत नाही. कान तयार होतो, पन्नास-साठ शब्द तोंडात बसतात, आठ-दहा वाक्यं न अडखळता येतात आणि परक्या भाषेची भीती जाते. हे शाळेला सुरुवातीलाच लेखी द्या, नाहीतर सहाव्या आठवड्यात ‘मुलं फ्रेंच बोलतात का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.

आखणी करताना एकच कसोटी लावा : फ्रेंच न बोलता ती वस्तू पूर्ण होऊ शकते का? आयफेल टॉवर रंगवा, तिरंगी झेंडा चिकटवा, डोक्यावर बेरे घालून फोटो काढा, हे सगळं मूल एकही फ्रेंच शब्द न उच्चारता करतं. तो चित्रकलेचा तास झाला. भाषा हातांच्या कामाच्या आड आली पाहिजे.

पहिल्या चार तासांसाठी फ्रेंच चित्रकार मातीस यांची कागदकाम पद्धत घ्या. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना उभं राहून चित्रं रंगवणं जड झालं. मग सहाय्यक कागद गुआशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, रंगवून द्यायचे आणि ते थेट कात्रीने आकार कापायचे. 1953 चं त्यांचं ‘एस्कार्गो’, म्हणजे गोगलगाय, असंच रंगीत तुकड्यांचं आहे, जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद. जमिनीवर खडूने तेवढा चौकोन आखून मुलांना त्यात उभं करा, आकार कळेल.

गुआश महाग पडतो, पोस्टर कलर चालतो. 24 मुलांना प्रत्येकी दोन ए4 कार्ट्रिज कागद, म्हणजे 48 कागद. पाच रंगांच्या 100 मिलिलिटरच्या एकेक बाटल्या पुरतात. रंग ताकाइतका पातळ करा. त्याहून पातळ झाला तर कागद पाणी पितो आणि वाकडा होतो, घट्ट राहिला तर वाळल्यावर कापताना पोपडे निघतात. पहिल्या तासाला फक्त रंगवणं. ओला कागद त्याच तासात कापायला दिलात की चिंध्या होणार. वाळल्यावर आठवडाभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवा.

दुसऱ्या तासाला भाषेचा सापळा लावा. चार-चारांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला मुद्दाम अपुरं सामान द्या. एकाकडे फक्त लाल कागद, दुसऱ्याकडे फक्त कात्र्या, तिसऱ्याकडे गोंद. जे हवं ते फ्रेंचमध्ये मागायचं : ‘ल रूज, सिल त प्ले’, म्हणजे लाल दे, प्लीज. तुमच्याकडे मागताना ‘सिल व्हू प्ले’. हा फरक समजायला इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना आठवडे लागतात, आपल्या मुलांना ‘तू आणि तुम्ही’ म्हटलं की संपलं. तासाला आठ-दहाच नवे शब्द ठेवा. क्रियापदं चार पुरेत : कूपे, कोले, प्लिये, देसिने, म्हणजे कापा, चिकटवा, घडी घाला, चित्र काढा. यातलं ‘प्लिये’ बॅलेमध्येही आहे. गुडघे वाकवण्याच्या क्रियेचं नाव ‘प्लिए’, म्हणजे घडी घातलेलं. नाचाची आवड असलेली मुलं वर्गात असतीलच, पाच मिनिटं त्यांना द्या.

मराठीचे फायदे उघडपणे वापरा, कारण पाठ्यपुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून शिकवतात. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या त-दसारखे दंत्य आहेत, ट-ड नाहीत, आणि त्यांच्या प-त-क मध्ये इंग्रजीसारखा हकार नसतो. मुलं ‘टेबल’ वाचतात ते इंग्रजीच्या सवयीने. ‘ताब्ल’ म्हणायला सांगितलं की जमतं. वस्तूंना लिंग असतं हे त्यांना समजवावं लागत नाही, आणि हिरवा-हिरवीची सवय असल्याने ‘व्हेर’चं ‘व्हेर्त’ होणं विचित्र वाटत नाही. गोंधळ होतो तो मराठी लिंग तसंच उचललं की. सूर्य आणि चंद्र आपल्याकडे दोन्ही पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये सूर्य पुल्लिंगी, चंद्र स्त्रीलिंगी. आपली कात्री एकवचनी, त्यांची ‘ले सिझो’ कायम अनेकवचनी. म्हणून शब्द एकटा कधीच देऊ नका, ‘ल’, ‘ला’ किंवा ‘ले’ चिकटवूनच द्या, आणि फळ्यावर पुल्लिंग-स्त्रीलिंगाला दोन ठरलेले रंग वापरा.

अडतं दोन ठिकाणी. ‘त्यु’ (म्हणजे तू) मधला स्वर मराठीत नाही. ‘ई’ म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठ शिट्टीसारखे गोल करायचे. दुसरं, नाकातले स्वर. मुलं शेवटी स्पष्ट ‘न’ उच्चारतात. जीभ दातांना लागली की चुकलं, एवढीच खूण सांगा. घरी मालवणी किंवा कोकणी बोलणारं मूल असेल तर त्यालाच म्हणायला लावा, त्याला हे आपसूक येतं.

मी इथे वाचकांसाठी देवनागरीत लिहितोय, मुलांच्या वहीत मात्र तसं लिहू देऊ नका. पालक हौसेने ‘बोन्जूर’ लिहून देतात आणि तो ‘न’ मग दोन वर्षं निघत नाही. पहिले चार तास वहीच नको. कान आधी, अक्षर नंतर.

पाचव्या ते नवव्या तासासाठी बाहुल्या, आणि इथे तुमचं नाटक कामी येईल. गिन्योल ही फ्रान्समधल्या लियों शहराची हातमोजी बाहुली. लोरां मूर्गे हा रेशीमकामातून बाहेर फेकला गेलेला विणकर दात उपटायचा धंदा करू लागला, गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला बाहुल्या नाचवू लागला आणि 1808 च्या सुमारास त्याच्या हातून गिन्योल जन्मला. हा गरीब, तोंडाळ, मालकांना आणि शिपायांना जेरीस आणणारा. त्याचा मित्र न्याफ्रों चांभार आहे आणि पक्का दारूबाज. त्याच्या हातात तुम्ही सरबताचा पेला द्यालच. गिन्योल निवडायचं खरं कारण त्याचे प्रेक्षक. समोरची मुलं गप्प बसत नाहीत, बाहुलीला ओरडून सावध करतात. शिपाई मागून येतोय, गिन्योल विचारतो ‘इल ए ऊ?’, कुठे आहे तो? अख्खा वर्ग ओरडतो ‘देरियेर त्वा!’, तुझ्या मागे! वीस जणांना एकाच वेळी, मनापासून, तेच वाक्य पंधरा वेळा म्हणायला लावणारी याहून चांगली कसरत माझ्या माहितीत नाही.

बाहुलीचं डोकं कागदाच्या लगद्याचं करू नका. तो वाळायला दोन दिवस घेतो आणि तोवर शाळेत वास सुटतो. वर्तमानपत्राचा लिंबाएवढा घट्ट बोळा, वर मास्किंग टेप, मध्ये तर्जनीला गुंडाळलेली पुठ्ठ्याची 7 सेंटिमीटरची नळी. लगेच रंगवता येतं. थर्मोकोलच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका, राज्यात 2018 पासून त्यावर बंदी आहे. अंगरखा मुलाच्या हातापेक्षा सैल हवा. अंगठा आणि मधलं बोट हे बाहुलीचे हात; कापड ताणलं गेलं की तिला टाळी वाजवता येत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या शेजारी दाखवा. दोरीने वरून चालणारी बाहुली लवते-वळते कशी आणि आतून हाताने चालणारी झटापट कशी करते, हा फरक मुलं स्वतः शोधतात.

प्रत्येक गटाचा प्रवेश दोन मिनिटांचा, सहा ते आठ वाक्यांचा. दोघं बाहुल्या धरतील, एक आठवण करून देईल, एक प्रेक्षकांना चेतवेल. सातव्या तासाला भूमिका बदला. तेव्हाच कळेल की कोणाला अर्थ कळलाय आणि कोण पोपटासारखं म्हणतंय.

खाद्यसंस्कृती घ्यायचा मोह होईल. क्रेपला अंडी लागतात, बऱ्याच शाळांत ती चालत नाहीत, आणि बिनअंड्याचं धिरडं करून त्याला क्रेप म्हणणं बरं नव्हे. ‘सालाद द फ्र्युई’ करा, फळं कापतानाही ‘कूपे’ लागतंच. आणि फ्रेंच म्हणजे पॅरिस एवढंच दाखवू नका. मॉरिशसची बरीचशी वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात, आणि त्याच देशात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी घेऊन गणपती विसर्जन करतात. एक फोटो दाखवा, प्रश्न मुलंच विचारतील.

आता पात्रता. बी2 वर शिकवायला उभं राहता येतं, पण मुलांच्या आडव्या प्रश्नांना पुरत नाही. वर्षभरात डाल्फ सी1, म्हणजे बी2 च्या पुढच्या पातळीच्या परीक्षेचं लक्ष्य ठेवा. हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. भारतीय बोर्डाच्या शाळेत कायम नेमणूक हवी असेल तर दोन वर्षांचं बी.एड. टाळता येणार नाही. खासगी वर्ग, आंतरराष्ट्रीय शाळा, आलियांस फ्रांसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था अशा ठिकाणी जायचं असेल तर आधी सी1 आणि त्यानंतर ‘दाएफ्ल’. ही फ्रेंच शिकवण्याची पदविका पॅरिसचं आलियांस आणि फ्रान्सची दूरशिक्षण संस्था ‘क्नेद’ मिळून देतात. तुमच्यासाठी मी दुसरा क्रम सुचवेन, बी.एड. त्यानंतर ठरवा. आणखी एक वाट : भारतीय पदवीधरांना फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचे साहाय्यक म्हणून नेमणारी योजना आहे. सात महिने, आठवड्याला 12 तास. तिथली मुलं वर्गात भाषा आणि कला कशी एकत्र शिकतात हे रोज बघायला मिळेल. वयाच्या आणि भाषेच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचाही विचार करा. तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय हव्यात, आणि परदेशी भाषांचा उल्लेख माध्यमिक टप्प्याला आहे. म्हणजे सहावी-सातवीत ‘तिसरी भाषा फ्रेंच’ हे पूर्वीइतकं सोपं राहणार नाही. तुमचा उपक्रम विषय म्हणून नाही, छंदवर्ग म्हणून येतो, ही त्यामुळे सोय आहे. त्यातलीच चार-पाच मुलं पुढे ‘डेल्फ प्रिम’ या लहान मुलांसाठीच्या फ्रेंच परीक्षेला बसवता आली तर तुमच्या कामाचं मोजता येण्याजोगं माप पालकांच्या हाती पडतं. चार कौशल्यांना 25-25 गुण, 100 पैकी 50 ला उत्तीर्ण, प्रत्येकात किमान 5.

आईंचं म्हणणं चूक नाही. पुण्यातल्या उद्योगांमुळे जर्मनला मागणी जास्त आहे. पण जर्मनमध्ये बी2 पर्यंत यायला तुम्हाला सहज दोन-अडीच वर्षं लागतील, तेवढ्या काळात फ्रेंचचं सी1 आणि दाएफ्ल दोन्ही होऊ शकतं. घराला तातडीने पगार हवा असेल तर हिशेब बदलेल, तसं असल्यास पुन्हा लिहा.

शाळेशी बोलताना सामानाचा खर्च मानधनातून वेगळा लिहून घ्या आणि मुलांची संख्या 24 वर गोठवा. तीस झाली की कात्र्यांसाठीच्या रांगेत निम्मा तास जातो. दिवाळीनंतर लगेच सुरू केलंत तर स्नेहसंमेलन आणि नाताळची सुट्टी धरून दहावा तास फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. बाहुल्यांचा प्रयोग तेव्हाच, वर्गात, पालकांना जमिनीवर बसवून करा. शाळा तो 20 मार्चच्या फ्रँकोफोनी दिनापर्यंत, म्हणजे फ्रेंच भाषकांच्या दिवसापर्यंत, ढकलायला सांगेल. ऐकू नका, तोवर परीक्षा आलेल्या असतात आणि बाहुल्या कपाटात जातात.