छपाई बंद झालेला कोणता टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एखादं पात्र बनून फाशांनी खेळायचा खेळ) पुन्हा यायला हवा?

व्हिक्टरी गेम्सचा १९८३ सालचा ‘जेम्स बाँड ००७’, आणि तोही त्यातल्या पाठलागाच्या नियमांसाठी. परवाना गेल्यावर १९८७ मध्ये तो बंद पडला. यात पात्राची मूळ संधी गुणिले काम किती सोपं याचा आकडा, असं गणित असतं. १ ते १०० आकडा देणाऱ्या फाशांवर तेवढं किंवा त्याहून कमी पडायला हवं. पाठलागात दोन्ही बाजू हाच सोपेपणाचा आकडा उतरवत बोली लावतात. जो जास्त खाली जाईल तो आधी कोण खेळणार ते ठरवतो. मूळ संधी १५ असेल, तर सोपेपणाच्या ५ या आकड्यावर ७५ टक्के यश, २ वर उतरलात की फक्त ३०. म्हणजे पुढे राहायची हाव धरली की गाडी आपटायची भीती आलीच! फक्त भुरळ घालण्याचे नियम आज जुनाट वाटतात, ते नव्याने लिहावे लागतील.