भयानक एकांकिका आणि रोमहर्षक सामना

चोपड्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. स्नेहसंमेलनात त्यांची भुताची एकांकिका आहे. फलकावर त्याने 'भयानक एकांकिका' असं रंगवलं, तर सर म्हणाले, "अरे, भयानक म्हणजे टाकाऊ झाली असं वाचतील लोक." मग 'भीतीदायक' लिहायचं, 'थरारक' लिहायचं की सरळ 'हॉरर'? पुढे तो विचारतो, ज्या भीतीसाठी माणूस खिशातून पैसे काढून तिकीट घेतो तिला मराठीत किंवा आपल्या अहिराणीत वेगळा शब्द आहे का? शिवाय एक पोटप्रश्न: त्यातल्या बाईच्या पात्राला 'डाकीण' म्हणावं की 'हडळ'?

सरांचं बरोबर आहे. "मेसचं जेवण कसंय?" "भयानक." या उत्तरात भुताचा संबंध नाही. 'भयंकर' तर आणखी पुढे गेला. 'भयंकर आवडलं', 'भयंकर गोड मुलगी आहे'. आता तो 'फार' या शब्दाच्या जागी राबतो, एवढंच. 'भयानक'चं मला जरा जास्त वाईट वाटतं, कारण तो नाट्यशास्त्रातला मानाचा शब्द. ते शास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनीने सांगितलेल्या आठ रसांपैकी भयानक हा एक, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय. बीभत्स वेगळा, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. रक्ताच्या चिळकांड्या आणि बाहेर आलेली आतडी दाखवणारे सिनेमे खरं तर या दुसऱ्या खात्यात जमा व्हायला हवेत. (बीभत्स लिहिताना 'बी' दीर्घ. पोस्टरवाले हमखास ऱ्हस्व करतात.)

आता 'भीतिपट' कुणी का म्हणत नाही आणि 'भयपट', 'भयकथा' हे शब्द का रुळले, ते बघू. भीती ही मराठीत कुणाची तरी असते आणि कशाची तरी असते. 'मला सापाची भीती वाटते.' दोन्ही जागा भराव्या लागतात. 'मी सापाला भितो' या जुन्या वळणातही तेच. संस्कृतात ज्याच्यामुळे भय त्याला पंचमी ('-पासून'ची विभक्ती), आणि त्यासाठी पाणिनीने 'भीत्रार्थानां भयहेतुः' असं वेगळं सूत्रच केलं. 'भय' मात्र मराठीत मालकाशिवाय उभं राहतं: निर्भय, भयमुक्त, भयकथा. 'मला भय वाटतं' असंही म्हणतात, नाही असं नाही, पण घरात बोलताना तोंडात भीतीच येते.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण जुन्या काव्यशास्त्राने नेमकं याच जागी बोट ठेवलंय. हजारेक वर्षांपूर्वी काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकाराने भयानक रस समजावताना कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं हरीण घेतलं. दुष्यंताचा रथ पाठीशी, आणि ते हरीण मान वळवून वळवून मागे बघत धावतंय. प्रेक्षकापर्यंत जे पोचतं ते 'मी घाबरलो' असं नसतं आणि 'ते हरीण घाबरलं' एवढंही नसतं. स्थळकाळ गळून पडतात आणि निव्वळ भय उरतं. कुणाचंच नसलेलं, म्हणून चाखता येण्याजोगं. 'भयपट' हा शब्द घडवणाऱ्याने अभिनवगुप्त वाचला असेल असं मी म्हणत नाही, पण शब्द चपखल पडला.

तरी त्यात मजा कुठेय, हा विद्यार्थ्याचा प्रश्न उरतोच. त्यासाठी 'हॉरर' याच शब्दाच्या पोटात शिरू. लॅटिनमध्ये 'होर्रेरे' असं क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या 'हृष्' धातूशी जोडतात, दोघांचं मूळ एकच. आणि 'हृष्'पासून काय झालं? हर्ष! युरोपात केस उभे राहिले ते दहशतीने, आपल्याकडे आनंदाने. पण आपल्याकडेही भीतीची वाट बुजली नव्हती. गीता उघडून बघा. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते', अंग कापतंय, काटा येतोय. तिथे त्याच्या हातून गांडीव गळून पडतंय. अठराव्या अध्यायात संजय तोच शब्द वापरतो, 'अद्भुतं रोमहर्षणम्', आणि दोन श्लोकांनी म्हणतो, 'हृष्यामि च मुहुर्मुहुः', मी पुन्हा पुन्हा हर्षित होतोय. एकाच ग्रंथात एकदा धसक्याचा काटा, एकदा आनंदाचा. भरतानेही रोमांच हा सात्त्विक भाव, म्हणजे भावनेची अंगावर आपोआप उमटणारी खूण, एकाच रसाला बांधून ठेवलेला नाही. भय, हर्ष, थंडी, काहीही कारण चालतं.

अंगाला ते कळतच नाही, म्हणा. केसाच्या मुळाशी बारीकसा स्नायू असतो, तो आवळला की केस उभा. लता मंगेशकरांची तान ऐकून आवळतो आणि अंधारात दार करकरलं तरी आवळतो. नाव द्यायचं काम डोक्याचं.

हे नाव बदलताना डोळ्यांनी बघायचं असेल तर वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला जावं. बोरीच्या पात्रात आकाशपाळण्यांच्या गर्दीत एखादा 'भूत बंगला' लागलेला असतो. पत्रे, वरून काळं कापड, दर्शनी भागावर रंगवलेला जबडा आणि कर्ण्यावर तेच ते खदाखदा हसू. आत अंधारात तोंडावर दोरे लोंबतात, खालून कुणीतरी पाय धरतं. आपण बाहेर पडायच्या दाराशी उभं राहायचं. किंकाळी पडद्याच्या आत सुरू होते आणि पडदा बाजूला होईपर्यंत तिचं हसू झालेलं असतं. पोरं लगेच एकमेकांवर ढकलतात, "तू भ्यायलास, मी नाही." एखादा प्रामाणिक निघतो: "भ्याव वाटनं, पन मज्या उनी!" (भीती वाटली, पण मजा आली.) त्याच दारातून बापाच्या खांद्यावर हंबरडा फोडणारं तीन वर्षांचं पोरही बाहेर येतं. त्याच्यासाठी पाय धरणारा हात हा मास्क घातलेल्या माणसाचा नव्हता, खऱ्या भुताचाच होता. त्याला वाटली ती भीती. वरच्या व्याकरणातली, मालक असलेली.

पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला दिलेल्या नावाचा अर्थ 'निरुपद्रवी आत्मपीडन' असा करता येईल. गंमत अशी की तो इथवर मिरचीच्या वाटेने आला. तोंड भाजणारी वस्तू माणसं आवडीने का खातात, हा त्याचा अभ्यासाचा विषय. ते खान्देशाला काय सांगायचं? हिवाळ्यात शेतावर पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून, हिरव्या मिरच्या ठेचून भरीत होतं, तेव्हा डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि हात पुन्हा भरताकडेच. जिभेला वाटतं आग लागली, डोक्याला ठाऊक असतं की लागलेली नाही. अंगाला असं हूल देण्यातच ती मजा. अर्थात मिरचीलाही माप असतं. डेन्मार्कमधल्या एका भूतबंगल्यात शिरणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं की भीती अगदी कमी पडली तरी मजा नाही, फार झाली तरी नाही, मधल्या पट्ट्यात ती सगळ्यात जास्त.

अहिराणीत वेगळा शब्द आहे का? माझ्या कानावर तरी नाही. भ्याव ते भ्याव. खऱ्या सापाचं आणि पडद्यावरच्या भुताचं एकच. वेगळेपण येतं ते वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, त्या 'पन'नंतर. प्रमाण मराठीतही असा एकटा शब्द नाही, पण वाक्प्रचार आहे, आणि तो दोन्हीकडे चालतो: 'अंगावर काटा येणं', आपल्याकडे 'आंगवर काटा उना'. दुसऱ्या वाक्प्रचारांशी ताडून बघा. बोबडी वळली, पाचावर धारण बसली, छातीत धस्स झालं, दरदरून घाम फुटला. हे सगळे खऱ्या भीतीचे. भजन ऐकून कुणाची बोबडी वळत नाही. काटा मात्र भजनालाही येतो, भुतालाही येतो.

तेव्हा फलकावर लिहा: 'अंगावर काटा आणणारी एकांकिका'. 'थरारक' चुकीचं नाही, पण त्यात पाठलाग आणि दरोडे डोळ्यांपुढे येतात. 'रोमहर्षक' वर्तमानपत्रांनी क्रिकेटला देऊन टाकलाय, शेवटच्या षटकातला सामना रोमहर्षकच असतो. 'रोमांचक' लिहाल तर तुमच्या वयाचे निम्मे वाचक त्यात 'रोमान्स' वाचतील आणि भूत बघून हिरमुसतील. 'भीतीदायक' लिहायचंच असेल तर 'भीतिदायक' लिहा. एकटी भीती दीर्घ, समासात पहिली आली की 'ति' ऱ्हस्व. 'हॉरर'ला माझी हरकत नाही. खरं विचाराल तर जळगाव-भुसावळकडचा 'भुताचा पिक्चर' मला या सगळ्यांहून आवडतो, पण सर तो पास करणार नाहीत.

राहिला पोटप्रश्न, आणि त्यात मी आग्रही आहे. हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत, म्हणजे ती कुठेच नाही. डाकीण हा शब्द जिवंत बाईला लावतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर कुणी आजारी पडलं, ढोर मेलं, की एखाद्या बाईवर 'डाकीण' हा शिक्का बसतो. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवही जातो. धडगाव, अक्कलकुवा तिकडे नंदुरबार जिल्ह्यात असले तरी सातपुडा तोच, आणि चोपडा तालुक्याचा उत्तरेचा भागही सातपुड्यातच आहे. तुमच्या प्रेक्षकांत अशा पाड्यावरून शिकायला आलेली मुलं असतील. त्यांच्या कानाला तो शब्द काल्पनिक लागणार नाही. करणी करते, भूत लावते असं म्हणून कुणाला त्रास देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. 'चेटकीण'ही जिवंत बाईच, पण ती गोष्टीच्या पुस्तकांतून फिरून जरा बोथट झालीय. तुमच्या कथेतली बाई मेलेली असेल तर 'हडळ' म्हणा. ती जिवंत असेल आणि गाव तिच्यावर शिक्का मारत असेल तर 'डाकीण' जरूर म्हणा, मात्र मग फलकावरून 'काटा' काढून टाका.