वायफाय जोडलं, पण इंटरनेट नाही

प्रश्न : माझा विंडोज ११चा लॅपटॉप घरच्या वायफायला लगेच जोडला जातो, रेंजही पूर्ण दाखवतो, पण ‘इंटरनेट नाही’ असं येतं आणि एकही पान उघडत नाही. त्याच वायफायवर फोन नीट चालतो. राउटर दोनदा बंद-चालू करून पाहिला. आता काय करू?

उत्तर : आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करून पुन्हा पाहा. वायफायवर नेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि राउटर ठीक आहे असा गैरसमज होतो. डेटा बंद असतानाही फोन चालला, तर राउटर आणि बाहेरची लाइन संशयातून सुटली. दोष लॅपटॉपकडे किंवा राउटर त्याला देत असलेल्या वागणुकीत आहे.

रेंज पूर्ण दिसते तेव्हा लॅपटॉप आणि राउटर यांची गाठ पडली, एवढंच कळतं. त्यापुढे लॅपटॉपला आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची आकडी ओळख) मिळावा लागतो, राउटरमधून बाहेर वाट मिळावी लागते आणि साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारं डीएनएस चालावं लागतं. यातलं काय अडलंय ते न बघता सगळं रिसेट करत सुटू नका.

विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या. वायफायच्या भागात आयपीव्ही४चा पत्ता आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ (म्हणजे राउटरचा पत्ता) या दोन ओळी बघा.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर तो राउटरने दिलेला नाही. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही, म्हणून लॅपटॉपने तो स्वतःच घेतला आहे. अशा वेळी गेटवेची ओळही बहुधा रिकामी असते. ‘आयपीकॉन्फिग’नंतर एक जागा सोडून ‘स्लॅश रिलीज’ आणि मग तसंच ‘स्लॅश रिन्यू’ द्या (स्लॅश म्हणजे तिरपी रेघ). तरीही १६९च आलं, तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर मॅक फिल्टर, म्हणजे हार्डवेअर पत्ता (मॅक) ओळखून ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी गाळणी, लावलेला आहे का पाहा. विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ (खऱ्या मॅकऐवजी बनवलेला पत्ता दाखवणं) चालू असेल तर याच वायफायपुरतं बंद करा. फिल्टर लावलेला राउटर अशा लॅपटॉपला परका समजतो.

पत्ता १९२.१६८ किंवा १०ने सुरू होणारा आणि गेटवेही भरलेला असेल, तर तीन पिंग करा, म्हणजे त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग’, एक जागा आणि पुढे पत्ता देऊन तिकडून उत्तर येतं का पाहा : पहिला गेटवेच्या पत्त्याला, दुसरा ८.८.८.८ला (हा गूगलचा डीएनएस सर्व्हर), तिसरा एखाद्या साइटच्या नावाला. पहिल्यालाच उत्तर नसेल, तर आयपी हाताने भरलेला आहे का बघा. सेटिंग्जमध्ये वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ ऑटोमॅटिक असायला हवं. दुसऱ्या जागेसाठी कधीतरी भरलेला पत्ता तसाच राहून जातो. पहिला पिंग जातो आणि दुसरा नाही, तर व्हीपीएनकडे (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बघा. त्याचा ‘किल स्विच’ चालू असेल, तर व्हीपीएन तुटताच तो सगळी वाहतूक रोखतो, कारण त्याचं कामच ते आहे. राउटरमधलं पालक-नियंत्रणही असंच एका उपकरणाला अडवू शकतं.

पहिले दोन पिंग जातात आणि नावाचा मात्र ‘होस्ट सापडला नाही’ अशा अर्थाची ओळ देतो, तर अडचण डीएनएसची. त्याच हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ मॅन्युअल करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा, मग ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ द्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नका. आतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात.

तिन्ही पिंग जाऊनही पानं उघडत नसतील, तर प्रॉक्सी (ब्राउझरची वाहतूक मधल्या सर्व्हरमार्गे नेणारं सेटिंग) बंद आहे का आणि तारीख बरोबर आहे का बघा. तारीख एखाद-दोन वर्षं मागे गेली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं लॅपटॉपला ‘अजून लागू नाहीत’ अशी वाटतात आणि जवळपास प्रत्येक साइट इशारा देते.

‘नेटवर्क रिसेट’ अगदी शेवटी. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएनही नव्याने बसवावं लागू शकतं. पासवर्ड आधी लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे उलटं आहे. ‘इंटरनेट नाही’ दिसतं, पण साइट सगळ्या उघडतात.

उत्तर : विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक इवलीशी फाइल मागवतं. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ते मिळाले नाहीत की इंटरनेट नाही असं धरतं. जाहिराती गाळणारं डीएनएस, व्हीपीएन किंवा फायरवॉल ही फाइल अडवत असेल. एकेक बंद करून पाहा. याकडे काणाडोळा करू नका, कारण काही अ‍ॅप त्या खुणेवर विसंबून साइन-इन नाकारतात.

प्रश्न : हॉटेल, विमानतळ अशा ठिकाणी वायफाय जोडतं, पण लॉगिनचं पानच येत नाही.

उत्तर : व्हीपीएन बंद करा आणि हाताने भरलेलं डीएनएस काढून ऑटोमॅटिक करा, लॉगिनचं पान बहुतेकदा तिथल्याच डीएनएसमधून दाखवतात. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नव्हे, साध्या एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता टाका. सुरक्षित पानाची वाट मध्येच वळवता येत नाही, साध्या पानाची येते. तरीही आलं नाही, तर गेटवेचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकून पाहा.